दलाल, चिमणलाल डाह्याभाई

बडोदे संस्थानातील संस्कृत, प्राकृत व अपभ्रंश (प्राकृत आणि आजच्या भाषा यांच्या मधल्या टप्प्यावरील भाषा) वाङ्मयाचे संशोधक, हस्तलिखितांचे शोधक आणि ‘गायकवाड ओरिएंटल सिरीज’ या ग्रंथमालेच्या आरंभीच्या खंडांचे प्रमुख संपादक. मृत्यू 1918.

एम. ए. झालेले दलाल बडोद्याच्या सेंट्रल लायब्ररीत संस्कृत विभागाचे ग्रंथपाल होते. तिसरे सयाजीराव गायकवाड यांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना आणवून 1910 साली या ग्रंथालयाची घडी बसवली. बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीचा विषय निघाला की आपल्याकडे खेडोपाडी जाणाऱ्या पुस्तकांच्या पेट्यांचे कौतुक होते, आणि ते रास्तच आहे. संस्कृत विभागाची कामगिरी मात्र त्या कौतुकात झाकली जाते.

या विभागासाठी आर. अनंतकृष्ण शास्त्री ठिकठिकाणी हिंडून पोथ्या मिळवत. दलालांच्या वाट्याला आलेले काम निराळे होते. पाटण हे बडोदे संस्थानातलेच गाव. तिथल्या जैन ज्ञानभांडारांत, म्हणजे जैनांच्या ग्रंथसंग्रहांत, शेकडो वर्षांच्या ताडपत्री पोथ्या जपून ठेवलेल्या होत्या, पण त्या विकाऊ नव्हत्या आणि भांडाराबाहेर नेण्याची सोयही नव्हती. ब्यूलर, भांडारकर, पीटरसन या संस्कृत पंडितांनी पूर्वी तिथे शोध घेतला होता, तरी बरेच काही पाहायचे राहिले होते. भांडारांची व्यवस्था संघाच्या, म्हणजे तिथल्या जैन समाजाच्या, हाती असे. विश्वस्त राजी झाल्याखेरीज कुलूप निघत नसे, मग मागणारा सरकारी माणूस का असेना. 1914 मध्ये दलाल पाटणला गेले तेव्हा प्रवर्तक (जैन साधूंमधील एक पद) कांतिविजय यांच्यासारख्या जैन मुनींचे साहाय्य त्यांना लाभले, आणि दारे उघडली ती मुख्यतः त्यामुळे. 1916 मध्ये ते जेसलमेरलाही जाऊन आले.

बासन (पोथीचे कापडी वेष्टन) सोडायचे, लाकडी पाटल्या बाजूला करायच्या, दोरी सैल करून पाने उलटायची, ग्रंथाचा आदि-अंत उतरवून घ्यायचा आणि शेवटची पुष्पिका, म्हणजे लेखनिकाची अखेरची नोंद, वाचायची, असे हे काम. कोणत्या संवतात, कोणत्या गावी, कोणासाठी पोथी लिहिली हे पुष्पिकेतच सापडते. दलालांचा संग्रह म्हणायचा तो या टिपणांचा. त्यांचे खरे मोठेपण संपादित ग्रंथांहूनही या टिपणांत आहे, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

1916 मध्ये ग्रंथमालेचा पहिला खंड निघाला : संस्कृत कवी व नाटककार राजशेखराची ‘काव्यमीमांसा’, संपादक दलाल व अनंतकृष्ण शास्त्री. राजशेखर कनोजच्या दरबारी असला, तरी त्याने आपला पणजा अकालजलद याचा उल्लेख ‘महाराष्ट्रचूडामणि’ असा केला आहे, म्हणून मराठी अभ्यासकांना तो परका नाही. अलंकारशास्त्राच्या (काव्यशास्त्राच्या) इतर ग्रंथांहून हा ग्रंथ वेगळा आहे. कवीने दिवसाचे प्रहर कसे वाटून घ्यावेत, दुसऱ्याचे शब्द आणि अर्थ उचलण्याचे प्रकार किती, फळा, खडू, शाई-लेखणी, भूर्जपत्रे आणि लोखंडी कंटकासह ताडपत्रे हाताशी कशी असावीत, हे सगळे त्यात येते. पूर्ण झालेल्या ग्रंथाच्या अनेक प्रती करून ठेवाव्यात असेही राजशेखर बजावतो आणि ग्रंथ का नष्ट होतात याची कारणे मोजतो : दुसऱ्याकडे ठेव ठेवणे, विक्री, दान, देशत्याग, अल्पायुष्य, आग, पाणी. हस्तलिखिते धुंडाळणाऱ्यांच्या मालेला याहून समर्पक पहिला ग्रंथ मिळाला नसता.

त्यानंतर पुस्तके झपाट्याने निघाली. गुजरातच्या वाघेल्यांचा मंत्री वस्तुपाल याचे ‘नरनारायणानंद’, बालचंद्रसूरीचे ‘वसंतविलास’, वत्सराजाची सहा रूपके (नाट्यकृती) ही त्यांतली काही. गुजरातच्या इतिहासाला त्यांचा उपयोग उघडच आहे, पण महाराष्ट्राच्या इतिहासालाही या कामाने साधने पुरवली. रुद्रकवीचे ‘राष्ट्रौढवंश महाकाव्य’ (रचना 1596) बागलाणच्या बागुल राजांचे चरित्र सांगते. त्यातले मयूरगिरी म्हणजे आजचे मुल्हेर. एंबार कृष्णमाचार्यांनी संपादिलेल्या या काव्याला (1917) दलालांची प्रस्तावना आहे. जयसिंहसूरीच्या ‘हम्मीरमदमर्दन’ नाटकात देवगिरीचा यादव राजा सिंघण याची गुजरातवरील चाल आणि वस्तुपालाचे डावपेच आहेत. अर्थात वस्तुपालाच्या स्तुतीसाठी लिहिलेले नाटक आहे, तेव्हा यादवांविषयी त्यात जे येते ते जपूनच घ्यावे लागते.

दलाल 1918 मध्ये वारले तेव्हा बरेच काम छापखान्यात किंवा कच्च्या टिपणांत पडून होते. ‘हम्मीरमदमर्दन’ आणि ‘प्राचीन गुर्जर काव्यसंग्रह’ 1920 साली निघाले. पत्रे, करारमदार व दस्तऐवजांच्या नमुन्यांचा ‘लेखपद्धति’ हा संग्रह गजानन श्रीगोंदेकर यांनी पुरा करून 1925 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात सिंघण आणि गुजरातचा वाघेला लवणप्रसाद यांच्यातील तहाचा मसुदा आहे, तसेच दासी विकल्याचे खतही आहे. राजकीय इतिहासकार पहिल्याकडे धावतात. समाजाचा अभ्यास करणाऱ्याला दुसरे अधिक शिकवून जाते. तहाचा मसुदा नमुना म्हणून दिलेला असल्याने त्यावरील विक्रम संवत 1288 (इ. स. 1231-32) ही मिती जशीच्या तशी धरता येत नाही.

धनपालाच्या ‘भविसयत्तकहा’ या अपभ्रंश काव्याची कथा चमत्कारिक झाली. जर्मन प्राच्यविद्यापंडित हेर्मान याकोबी यांना त्याची पोथी अहमदाबादेत मिळाली आणि त्यांची आवृत्ती जर्मनीत 1918 साली निघाली. इकडे दलालांनी आरंभलेले संपादन पुण्याच्या पांडुरंग दामोदर गुणे यांनी पूर्ण केले. 1923 मध्ये ग्रंथ बाहेर आला तेव्हा गुणेही हयात नव्हते.

जेसलमेरची सूची लालचंद्र भगवानदास गांधी यांनी 1923 मध्ये प्रसिद्ध केली आणि पाटणच्या ताडपत्रांची सूची त्यांच्याच हातून 1937 मध्ये पुरी झाली. दरम्यान 1927 मध्ये संस्कृत विभागातून बडोद्याचे प्राच्यविद्या मंदिर स्वतंत्रपणे उभे राहिले होते. पाटणच्या भांडारांसाठी 1939 मध्ये हेमचंद्राचार्य ज्ञानमंदिर झाले आणि पुष्कळ पोथ्या तिथे एकत्र आल्या. दलालांच्या टिपणांवरची सूची भांडारवार लावलेली असल्यामुळे, एखादे ताडपत्र पूर्वी संघवीपाड्याच्या भांडारात होते की अन्य कुठे, हे अजूनही तीच पाहून ठरवता येते.