चेतापेशीची रचना व कार्य

चेतापेशी ही संदेश घेऊन पुढे पोचवणारी, चेतासंस्थेतील मूळ पेशी. माणसाच्या मेंदूत अशा सुमारे ८,६०० कोटी पेशी असतात. पेशीकाय (पेशीचा मुख्य भाग), वृक्षिका (फांद्यांसारखे फाटे) आणि अक्षतंतू (संदेश पुढे नेणारा धागा) हे तिचे भाग शाळेतल्या आकृतीमुळे सर्वांच्या ओळखीचे आहेत. मात्र त्या आकृतीत अक्षतंतू नाइलाजाने फार आखूड काढलेला असतो. कण्यापासून पावलापर्यंत जाणारा अक्षतंतू सुमारे एक मीटर भरतो आणि त्याचा पेशीकाय डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढाही नसतो.

पेशीकायात केंद्रक असते आणि बहुतेक प्रथिनेही तिथेच तयार होतात. त्यामुळे अक्षतंतूच्या टोकाला लागणारा माल सूक्ष्मनलिकांवरून, म्हणजे पेशीतल्या रुळांसारख्या बारीक नळ्यांवरून, वाहून न्यावा लागतो. वेगवान मालही दिवसाला ४० सेंटिमीटरच्या आसपास जातो. उलटी वाहतूकही चालते. रेबीजचा विषाणू तिच्यावर स्वार होऊनच जखमेपासून मेंदूकडे सरकतो.

वृक्षिका इतर पेशींकडून संदेश घेतात. काही संदेश चेतवणारे, काही रोखणारे. त्यांची बेरीज-वजाबाकी अक्षतंतू फुटतो त्या उंचवट्यापाशी होते. एरवी पेशीची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. बेरजेने ठरावीक पातळी ओलांडली की सोडियमचे आयन (विद्युतभारित कण) आत घुसतात आणि आवेग, म्हणजे संदेशाची विद्युत लाट, निघतो. निघाला तर पुरता, नाहीतर नाहीच. हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांनी याचे गणित १९५२ मध्ये मांडले ते स्क्विडच्या, म्हणजे कोकणातल्या माकुलाच्या जातकुळीतल्या प्राण्याच्या, जाडजूड अक्षतंतूवर प्रयोग करून.

अनेक अक्षतंतूंवर मायलिनचे मेदयुक्त वेष्टन असते. मेंदू व कण्याबाहेर ते श्वान पेशी गुंडाळतात. (हे थिओडोर श्वान यांचे आडनाव, कुत्र्याशी संबंध नाही.) वेष्टनातल्या फटींवरून आवेग उड्या मारत जातो आणि सेकंदाला १०० मीटरपर्यंत वेग गाठतो, उघड्या बारीक तंतूत तो एखाद-दोन मीटरच असतो. कुष्ठरोगाचे जंतू या श्वान पेशींतच ठाण मांडतात, म्हणून त्वचेवरचा चट्टा बधिर होतो.

अक्षतंतूचे टोक पुढच्या पेशीला चिकटलेले नसते. शास्त्रज्ञ गोल्जी यांना चेतातंतूंचे सलग जाळे वाटे. दुसरे शास्त्रज्ञ काहाल यांनी गोल्जींचीच रंजनपद्धत (पेशी रंगवून पाहण्याची रीत) वापरून पेशी सुट्या असल्याचे दाखवले. १९०६ चे नोबेल मात्र दोघांना विभागून मिळाले. मधली फट मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या दुप्पट-तिप्पट असते. स्नायूपाशी ती ॲसिटिलकोलीन हे रसायन ओलांडते. नागाचे विष पलीकडचे ग्राही, म्हणजे हे रसायन झेलणारे रेणू, अडवते. मण्यारचे विष अलीकडची टोकेच निकामी करते. दोन्हींत पापण्या मिटू लागतात आणि श्वास बंद पडतो, पण ॲसिटिलकोलीन टिकवून धरणारे निओस्टिग्मिन नागदंशात उपयोगी पडते, मण्यारच्या दंशात फारसे नाही. तिथे टोके पुन्हा उगवेपर्यंत रुग्णाला कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते.