तिसऱ्या घंटेची तयारी
आवाज, अंधार आणि गर्दी सोसत नाही अशा मुलांना नाटकाला आणणाऱ्या पालकांसाठी

आमच्या बालनाट्याचं तिकीट काढताना काही पालक चाचरत विचारतात, “आमच्या मुलाला मोठा आवाज सोसत नाही. आणलं तर चालेल ना?” चालेल. त्यासाठी काही गोष्टी तुम्हाला घरी कराव्या लागतील, काही आम्हाला रंगमंचावर. दोन्ही या पत्रकात लिहिल्या आहेत.

मिक्सर लागला की कानांवर हात ठेवणारी, कॉलरचं लेबल कापल्याशिवाय शर्ट अंगात न घालणारी, वरातीचा बँड जवळ आला की आईच्या ओढणीत तोंड लपवणारी मुलं आपल्या आजूबाजूला बरीच असतात. काहींना ऑटिझम असतो, काहींना एडीएचडी (लक्ष टिकवणं, एका जागी बसणं अवघड जाणं), काहींना कुठलंच निदान नसतं. आम्हाला निदानाचा कागद दाखवायची गरज नाही. आम्ही नाटकवाले आहोत, डॉक्टर नाही. तुमचं मूल ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे (आवाज, स्पर्श, रोजची कामं झेपावीत म्हणून सराव करून घेणाऱ्या तज्ज्ञांकडे) जात असेल तर त्यांचा सल्ला आमच्या वरचा माना.

एवढ्या प्रयोगांतून आमचं एक मत मात्र पक्कं झालं आहे. मुलाला आवाजाच्या मोठेपणापेक्षा त्याचं अचानक येणं जास्त छळतं. वीज कडाडणार आहे हे ठाऊक असलेलं मूल कान झाकून ती वीज बघतं. ठाऊक नसलेलं मूल दाराकडे पळतं. म्हणून नाटकातली आश्चर्यं या मुलांपासून लपवून ठेवू नका.

सिनेमा बघतो, मग नाटकाला काय हरकत?

हरकत काहीच नाही, पण दोन्ही अनुभव वेगळे आहेत. सिनेमात अंधार झाला तरी पडद्याचा उजेड असतो. नाटकात दोन प्रवेशांच्या मध्ये ब्लॅकआउट होतो तेव्हा स्वतःचा हातही दिसत नाही. सिनेमातला राक्षस पडद्यातच राहतो. बालनाट्यातला राक्षस पायऱ्या उतरून प्रेक्षकांत येतो, आणि त्याला बघून तीनशे पोरं एकदम किंचाळतात. पोरांची ती किंकाळी आमच्या कुठल्याही स्पीकरपेक्षा अवघड असते, कारण तिचं बटण आमच्या हातात नसतं.

आवाजाचा हिशोबही समजून घेण्यासारखा आहे. घरातल्या साध्या गप्पा साधारण ६० डेसिबलच्या असतात. या मोजपट्टीवर १० डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची तीव्रता १० पट होते, त्यामुळे आकडा थोडा वाढलेला दिसला तरी कानाला तो थोडा नसतो. कानांवर बसणारे इअरमफ २० ते ३० डेसिबल कमी करतात. ते घातले तरी संवाद ऐकू येतात, कारण संवाद स्पीकरमधूनच येत असतात. इअरमफ नाटकाच्या दिवशी पहिल्यांदा डोक्यावर चढवू नका. डोक्याला बसणारा त्याचा दाब हाही काही मुलांना त्रासच वाटतो. आठवडाभर आधी घरी टीव्ही बघताना थोडा थोडा वेळ घालून बघा.

घंटेचा खेळ

मराठी नाटकाची एक जुनी रीत या मुलांच्या अगदी सोयीची आहे. पडदा उघडण्याआधी तीन वेळा घंटा होते. पुढे काय होणार याची सूचना अशी टप्प्याटप्प्यानं मिळणं म्हणजे या मुलांना जे हवं असतं नेमकं तेच. पण नाट्यगृहातली ही घंटा विजेची, कर्कश आणि लांबलचक असते. तयारी नसेल तर मदत करणारी गोष्टच पहिला धक्का देऊन जाते.

म्हणून तिकीट नक्की झालं की त्या नाट्यगृहातल्या घंटेचं रेकॉर्डिंग आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. ते पहिल्या दिवशी अगदी बारीक आवाजात लावा, मग रोज थोडं मोठं करा. लावायचं बटण मुलाच्या हातात द्या. स्वतः वाजवलेली घंटा कमी बोचते. तीन घंटांची तीन कामं ठरवून टाका: पहिलीला शू करून यायचं, दुसरीला खुर्चीत बसून इअरमफ घालायचे, तिसरीला दिवे जाणार. घरी खेळताना तिसरी घंटा झाली की खोलीतला दिवा मुलालाच घालवू द्या, दहापर्यंत आकडे मोजा, मग त्यालाच लावू द्या. ब्लॅकआउट संपतो, हे सांगून पटत नाही. चार वेळा संपलेला पाहिला की पटतं.

तिसऱ्या घंटेनंतर लगेच पडदा उघडत नाही. आधी मोबाईल बंद ठेवा वगैरे निवेदन होतं आणि संगीत सुरू होतं. हेही खेळात घ्या. मोठ्या भावंडाला निवेदक करा, ती हौसेनं करतात.

गोष्ट आधीच सांगून टाका

शेवटासकट सांगा. चेटकीण हरते, राजपुत्र घरी येतो, सगळं सांगा. आम्ही प्रत्येक नाटकाची एक यादी करून ठेवली आहे, तिला आम्ही आपसात ‘दचक यादी’ म्हणतो. कितव्या मिनिटाला वीज कडाडते, कुठे धूर येतो, कुठल्या गाण्यात टाळ्या वाजवायला सांगतात, कोण कुठल्या बाजूनं प्रेक्षकांत उतरतं, हे सगळं तिच्यात असतं. ती मागून घ्या. सोबत प्रत्येक नटाचे दोन फोटो पाठवतो, एक साध्या कपड्यांतला, एक रंगवलेला. चेटकिणीचं नाक चिकटवलेलं आहे आणि खाली आपल्यासारखंच नाक आहे, हे दिसलं की निम्मं काम होतं. प्रत्यक्ष भेटायचं असेल तर प्रयोग संपल्यावर भेटा. आधी विंगेत आलात तर अर्ध्या मेकअपमधला चेहरा दिसेल, आणि काही मुलांना तो पुऱ्या मेकअपपेक्षा भीतीदायक वाटतो.

थेरपिस्टकडे तुम्ही ‘सोशल स्टोरी’ हे नाव ऐकलं असेल. अमेरिकेतल्या कॅरल ग्रे या शिक्षिकेनं १९९० च्या सुमारास ऑटिझम असलेल्या मुलांसाठी ही पद्धत बसवली. एखाद्या प्रसंगात काय काय घडतं हे मुलाच्याच तोंडून, छोट्या वाक्यांत लिहायचं. नाटकासाठी ती साधारण अशी लिहिता येते:

“शनिवारी मी आई-बाबांबरोबर नाटक बघायला जाणार आहे. नाट्यगृहात खूप खुर्च्या असतात. माझी खुर्ची कडेला असेल. घंटा तीनदा वाजेल. मग अंधार होईल. अंधारात बाबा माझा हात धरतील. थोड्या वेळानं उजेड येईल. मुलं कधी कधी ओरडतात, कारण त्यांना मजा वाटते. मला आवाज मोठा वाटला तर मी कान झाकू शकतो. मला बाहेर जावंसं वाटलं तर मी आईचा हात दाबेन आणि आम्ही बाहेर जाऊ. नंतर परत येऊ किंवा घरी जाऊ. दोन्ही चालेल.”

यात ‘घाबरू नको’, ‘शहाण्यासारखं बस’ असं एकही वाक्य नाही, ते मुद्दाम. आणि वेळ लिहायचीच तर ‘साधारण’ लावून लिहा. साडेचारचं नाटक साडेचारलाच सुरू होईल असं छातीठोकपणे सांगणं मराठी रंगभूमीवर कुणालाच परवडणारं नाही, आणि आकडा पाठ करून आलेल्या मुलाला ती वीस मिनिटं फार जड जातात.

खुर्ची कुठली घ्यावी

बालनाट्याला सगळ्यांना पहिली रांग हवी असते. तुम्ही ती घेऊ नका. स्पीकर रंगमंचाच्या दोन्ही अंगांना असतात, त्यामुळे पुढच्या रांगांच्या टोकाच्या खुर्च्या सगळ्यात वाईट. मागची पण बाल्कनीच्या छताखाली नसलेली, दाराजवळची, कडेची खुर्ची बहुतेकांना मानवते. कडेला एक अडचण आहे: राक्षस त्याच वाटेनं धावत येतो. तो कुठल्या बाजूनं येणार ते दचक यादीत असतं, त्याच्या विरुद्ध बाजूची जागा मागा. बाल्कनी स्वस्त असली तरी उंचीची भीती असलेल्या मुलाला तिथल्या उभ्या पायऱ्यांवरच घाम फुटतो.

खुर्चीचीही एक गंमत आहे. नाट्यगृहातली खुर्ची उठलं की आपोआप मिटते. वीस किलोच्या आतलं मूल मागे सरकून बसलं की बैठक वर उचलली जाते आणि पोर पाय वर करून घडीत अडकतं. मोठ्यांना हसू येतं, मुलाची मात्र पायाखालची जमीन जाते. आपलं अंग कुठे, कसं टेकलंय याची जाणीव हेही एक इंद्रियच आहे, आणि या मुलांपैकी बऱ्याच जणांचं तेच डळमळीत असतं. मुलाशेजारी बसून बैठकीच्या पुढच्या कडेवर हात दाबून ठेवा, किंवा भरलेली सॅक त्याच्या मांडीवर द्या. मांडीवरच्या वजनानं कित्येक मुलं शांतही होतात. चड्डीऐवजी फुल पँट घाला, रेक्झिन उघड्या पायाला चिकटतं. एसी कधी गारठवतो, कधी बंदच असतो, तेव्हा रोजचा, धुऊन मऊ झालेला एखादा स्वेटर बरोबर ठेवा.

त्या दिवशी

रिकामं नाट्यगृह आधी येऊन बघता येईल का, असं बरेच जण विचारतात. आमची इच्छा असते, पण पुण्या-मुंबईतली बहुतेक नाट्यगृहं महापालिकेची किंवा ट्रस्टची असतात आणि एकाच दिवशी तिथे दोन-तीन नाटकं होतात. आधीच्या नाटकाचा सेट निघाला की आमचा लागतो, आणि खिळे ठोकण्याचे आवाज बरेचदा पहिल्या घंटेच्या थोडं आधीपर्यंत चालू असतात. तरीही दारं उघडण्यापूर्वीची दहा मिनिटं आम्ही या मुलांसाठी राखतो. आधी सांगितलंत तर आमचा माणूस तुम्हाला आत नेईल, खुर्ची, स्वच्छतागृह आणि बाहेर पडायचं दार दाखवेल. मग घंटा होईपर्यंत लॉबीतल्या गर्दीत न थांबता आवारात, झाडाखाली थांबा.

मध्यंतर सगळ्यात कठीण. दिवे भसकन लागतात, सगळी दारं उघडतात, बटाटेवड्यासाठी झुंबड उडते आणि स्वच्छतागृहात रांग लागते. मध्यंतर कितव्या मिनिटाला आहे ते आम्ही सांगतो. त्याच्या पाच मिनिटं आधीच मुलाला घेऊन बाहेर पडा. तुमचं सगळं उरकेपर्यंत गर्दी बाहेर येईल, आणि तुम्ही मोकळ्या सभागृहात परत येऊन बसाल. खाणं घरचंच आणा, पण आत नेऊ देत नाहीत, तेव्हा आवारात खा.

दोन मोठी माणसं येता आली तर फार बरं. एकाला बाहेर पडावं लागलं तर दुसरं भावंड नाटक बघत राहतं. ‘याच्यामुळे माझं नाटक बुडालं’ हे वाक्य घरात वर्षभर ऐकावं लागत नाही.

बाहेर पडावंसं वाटलं तर

मूल रडायला लागेपर्यंत थांबू नका. त्याआधी खुणा दिसतात: अंग ताठ होतं, बोलणं एकदम वाढतं किंवा थांबतं, नको तिथे हसू येतं. तुमच्या मुलाची खूण तुम्हाला आमच्यापेक्षा चांगली ठाऊक असते. ती दिसली की उठा. बाहेर गेल्यावर समजुती घालू नका. त्या वेळी शब्दही आवाजच असतात. पाणी द्या, घट्ट जवळ घ्या (त्याला आवडत असेल तर), थांबा.

वीस मिनिटं बघून गेलात तर वीस मिनिटांचं नाटक बघून झालं. उरलेलं पुन्हा कधी. तेच तिकीट दाखवून आमच्या पुढच्या कुठल्याही प्रयोगाला या, जागा असेल तिथे बसवू, पैसे घेणार नाही. मागच्या रांगेतून कुणी “अहो, त्याला गप्प बसवा” म्हणालं तर उत्तर देत बसू नका, माफीही मागू नका. आमचा डोअरकीपर त्यांच्याशी बोलेल, ते त्याचं काम आहे.

शांत प्रयोग

साध्या प्रयोगाची धास्तीच वाटत असेल तर आमच्या शांत प्रयोगाला या. ही कल्पना आमची नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर २०११ साली ‘द लायन किंग’चा एक प्रयोग खास ऑटिझम असलेल्या मुलांसाठी झाला होता. इंग्लंडमधल्या नाट्यगृहांत तर असे प्रयोग आता नेहमीचे झाले आहेत. आमच्या शांत प्रयोगात स्पीकरचा आवाज कमी असतो, धूर आणि लुकलुकणारे दिवे नसतात, सभागृहात मंद उजेड राहतो आणि दारं उघडी असतात. निम्मीच तिकिटं विकतो, म्हणजे प्रत्येकाच्या शेजारी रिकामी खुर्ची राहते. पडदा उघडण्याआधी सगळे नट पुढे येऊन आपण कोण आणि काय होणार ते सांगतात. राक्षस खाली उतरत नाही. मुलांनी उठावं, फिरावं, हात फडफडवावेत, तेच वाक्य दहा वेळा म्हणावं, सगळं चालतं. एका चुणचुणीत मुलानं चेटकिणीची सगळी वाक्यं तिच्या आधी म्हटली होती. चेटकिणीला जरा घाम फुटला, पण तिनं निभावलं.

घंटा तिथेही तीनदाच होते, फक्त प्रत्येक वेळी अगदी आखूड. ती काढून टाकावी असं काहींनी सुचवलं होतं. आम्ही ठेवली, कारण घरी सराव करून आलेली मुलं तिची वाट बघत असतात.

गाडीतळावरचे हॉर्न, जनरेटर, शेजारच्या हॉलमधला सत्कार समारंभ यांवर आमचा ताबा नसतो, हेही आधीच सांगून ठेवतो.

तिकीट काढताना मुलाचं वय, त्याला काय सोसत नाही आणि काय आवडतं एवढंच सांगा. घंटेचं रेकॉर्डिंग, फोटो, दचक यादी आणि सोशल स्टोरीचा नमुना प्रयोगाच्या किमान आठ दिवस आधी व्हॉट्सअ‍ॅपवर येईल. नाही आला तर हक्कानं फोन करा. प्रयोगाच्या दिवशी मात्र दुपारनंतर फोन उचलला जाईलच असं नाही, तेव्हा आम्ही सेट लावत असतो.