नव्या वाहिनीसाठी हौशी व्हिडिओ पत्रकार: पात्रता, नमुना व्हिडिओ आणि कागदपत्रे

नव्या वाहिनीला दिवसाचे २४ तास भरायचे असतात आणि पगारी वार्ताहर मोजकेच असतात. त्यामुळे हौशी तरुणांकडून व्हिडिओ मागवले जातात. अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर आणि उद्योजक जोएल हयात यांची करंट टीव्ही ही वाहिनी १ ऑगस्ट २००५ रोजी अमेरिकेत सुरू झाली. १८ ते ३४ वयाच्या प्रेक्षकांसाठी असलेल्या या वाहिनीने प्रेक्षकांनीच केलेले काही मिनिटांचे तुकडे प्रक्षेपित केले. अशी भरती निघाली की अर्ज मागे पडतात ते बहुधा आवाज आणि परवानग्यांमुळे, चित्रामुळे क्वचितच.

पात्रता

पत्रकारितेची पदवी सहसा लागत नाही. वयाची अट मात्र नीट वाचा. वय अर्जाच्या दिवशी मोजायचे की जाहिरातीत दिलेल्या तारखेला, यावर पात्रता ठरते. १८ पूर्ण नसतील तर करारावर पालकांची सही लागते.

नमुना व्हिडिओ

जाहिरातीत लांबी दिली नसेल तर तीन ते पाच मिनिटे पुरतात. एकच विषय घ्या आणि त्यात किमान दोन बाजूंचे बाइट, म्हणजे कॅमेऱ्यासमोर बोललेले तुकडे, ठेवा. लग्नाचे शूटिंग किंवा प्रवासाचे तुकडे जोडलेली शो रील पाठवू नका. त्यातून बातमी सांगता येते का, हे कळत नाही.

फोन आडवा धरा, १९२० बाय १०८० वर शूट करा. वीज ५० हर्ट्झची असेल तिथे सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा, नाहीतर ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकते. बरेच फोन फ्रेमचा वेग आपोआप कमीजास्त करतात. असे फुटेज तसेच एडिटिंगला घेतले तर हळूहळू ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे जातो. म्हणून आधी ते स्थिर फ्रेमरेटमध्ये बदलून घ्या.

आवाज ४८ किलोहर्ट्झवर घ्या, बोलण्याची पातळी मीटरवर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान ठेवा. पातळी जास्त होऊन फाटलेला आवाज एडिटिंगमध्ये धड दुरुस्त होत नाही. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा आणि ओढणी किंवा साखळी त्याला घासत नाही ना, ते हेडफोन लावून ऐका. निघण्यापूर्वी त्या जागेचा नुसता आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. बाइट कापताना तो सांधायला उपयोगी पडतो.

अंतिम व्हिडिओसोबत अक्षरे आणि संगीत नसलेली प्रतही तयार ठेवा. वाहिनीला नाव-मथळ्यांच्या स्वतःच्या पट्ट्या टाकायच्या असतात.

कागदपत्रे

ओळखपत्र, वयाचा दाखला आणि बँकेचा तपशील सगळेच जोडतात. अडते ते संमतीपत्रांवर. मुलाखत दिलेल्या प्रत्येकाचे नाव, तारीख, ठिकाण, सही आणि 'दूरचित्रवाणी व इंटरनेटवर प्रसारणास संमती' असे स्पष्ट वाक्य हवे. 'कॉलेज प्रकल्पासाठी' एवढेच लिहिलेले पत्र प्रक्षेपणाला चालत नाही आणि महिन्यांनंतर तोच माणूस सापडेल याची खात्री नसते. अल्पवयीन मुलासाठी पालकांची सही घ्या. खासगी जागेत शूटिंग केले असेल तर जागामालकाची परवानगी जोडा.

संगीतात हमखास फसायला होते. इंटरनेटवर 'फ्री' म्हणून मिळालेले गाणे टीव्हीसाठी मोकळे असेलच असे नाही. परवान्यात 'नॉन-कमर्शियल' (व्यावसायिक वापरास मनाई) असेल तर ते गाणे काढून टाका.

पाठवणे आणि करार

व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला तर तो दाबला जाऊन त्याचा दर्जा घसरतो. ड्राइव्हची लिंक दिल्यास ती दुसऱ्या खात्यातून उघडून पाहा. परवानगी बंद असलेली लिंक उघडण्यासाठी कुणी पुन्हा फोन करत नाही.

निवड झाल्यावर करारात पाहायचे ते हे: हक्क कायमचे जातात की ठरावीक मुदतीसाठी, प्रक्षेपण झाले नाही तरी मोबदला मिळतो का आणि बदनामीचा दावा झाल्यास खर्च कुणाचा. हा शेवटचा भार एकट्या हौशी पत्रकारावर टाकणे अन्यायाचे आहे, ते कलम बदलून मागा. अर्जासाठी किंवा 'प्रशिक्षणा'साठी आधी पैसे मागणाऱ्याकडे अर्जच करू नका. रॉ (मूळ, न कापलेले) फुटेज प्रक्षेपणानंतरही दोन ठिकाणी जपून ठेवा, कारण तक्रार आली तर न कापलेला बाइट हाच पुरावा असतो.