टॅपेट-दुरुस्ती, मोटारसायकलीची

एंजिनातील कॅमची (उंचवटा असलेल्या फिरत्या चकतीची) हालचाल पुशरॉडमार्फत (ढकलणाऱ्या दांड्यामार्फत) रॉकरला (तरफेसारख्या डुलत्या भागाला) व तेथून व्हॉल्व्हला (झडपेला) देणारा, कॅमवर टेकून वर-खाली सरकणारा दंडगोल म्हणजे टॅपेट (व्हॉल्व्ह लिफ्टर). तो झिजल्यास घरच्या घरी काय करता येते आणि कोठे थांबावे, एवढाच या नोंदीचा विषय आहे. विवेचन मुख्यतः रॉयल एनफिल्ड बुलेटच्या जुन्या, ओतीव लोखंडी सिलिंडरच्या एंजिनाला धरून केले आहे.

टॅपेट हा शब्द मोटारसायकलीपेक्षा बराच जुना असून छापील इंग्रजीत तो साधारण अठराव्या शतकाच्या मध्यापासून आढळतो. वाफेच्या एंजिनात वर-खाली होणाऱ्या दांड्यावरील ज्या खुंट्या झडपांचे दांडे ढकलत, त्यांना तो लावीत. झडपा आपोआप चालवण्याची ही युक्ती कोणाची, याविषयी मतभेद आहेत. न्यूकोमेन एंजिनाच्या (सुरुवातीच्या एका वाफेच्या एंजिनाच्या) झडपांवर नेमलेल्या हंफ्री पॉटर या मुलाने दोऱ्या बांधून आपले काम एंजिनाकडूनच करवून घेतले आणि पुढे १७१८ मध्ये हेन्री बीटन याने त्या जागी पक्की यंत्रणा बसवली, ही कथा देझाग्युलिए याच्या १७४४ च्या ग्रंथामुळे रूढ झाली. मात्र इंग्लंडमधील डडली किल्ल्याजवळच्या १७१२ च्या एंजिनाचे जे कोरीव चित्र १७१९ मध्ये निघाले, त्यात स्वयंचलित यंत्रणा दिसते. चित्र सात वर्षांनी काढलेले असल्याने तो निर्णायक पुरावा म्हणता येत नाही. तरीही पॉटर घराण्यातील माणसे एंजिने उभारण्याच्याच व्यवसायात होती (आयझॅक पॉटरने १७२० च्या दशकात हंगेरीच्या राज्यात असे एंजिन उभारले), हे पाहता कंटाळलेल्या पोराची गोष्ट मागाहून रचली गेली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

बुलेटच्या ३४६ घन सेंमी. एंजिनात (७० मिमी. व्यास, ९० मिमी. धाव) उजव्या बाजूचे छोटे झाकण काढले की दोन्ही पुशरॉडांची खालची टोके, ॲडजस्टर (लांबी कमी-जास्त करणारा स्क्रू) व त्याला जागी धरणारा चेक नट समोर येतात. टॅपेट-सेटिंग (टॅपेटपासून व्हॉल्व्हपर्यंतच्या भागांमधील मोकळी फट जुळवणे) करताना एंजिन पूर्ण थंड असावे लागते. प्लग काढून पिस्टन दाबाच्या धावेच्या शेवटी आणतात, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात. मग अंगठा आणि तर्जनी यांमध्ये पुशरॉड धरून फिरवतात. तो सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. चेक नट आवळताना ॲडजस्टरही किंचित फिरतो, म्हणून आवळल्यावर बोटांनी पुन्हा पाहावेच लागते. थंडपणी फट जवळजवळ शून्य ठेवतात, कारण एंजिन तापले की सिलिंडर व हेड वाढून ती आपोआप पडते. टकटक नको म्हणून पुशरॉड जखडून टाकण्याची चूक सर्रास होते आणि ती आवाजापेक्षा महाग पडते. व्हॉल्व्ह सीटवर (बंद होताना तो टेकतो त्या कड्यावर) पुरता बसत नाही, त्याची उष्णता सीटकडे जात नाही आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो.

सेटिंग नीट करूनही थोड्याच अंतरात फट पुन्हा पडू लागली, तर टॅपेटचा तळ, कॅम किंवा पुशरॉडची टोके यांपैकी काहीतरी झिजत आहे असे समजावे. टॅपेट बाहेर काढून रॉकेलने धुतला व खिडकीच्या उजेडात तिरका धरला की निदान बहुधा जागीच होते. चांगला तळ एकसारखा चकाकतो. बिघडलेल्या तळावर सुईने टोचल्यासारखे खड्डे दिसतात, पापुद्रा उडालेला असतो किंवा मध्ये बशीसारखा खळगा पडलेला असतो. तळावर स्टीलची पट्टी उभी टेकवून खालून प्रकाश झिरपतो का, हे पाहिल्यास खळगा नक्की कळतो. असा टॅपेट ज्या कॅमवर चालत होता, तो कॅमही तितक्याच काळजीने तपासावा. खराब कॅम नव्या टॅपेटला लवकर खातो आणि खराब टॅपेट नव्या कॅमला. जुनेच टॅपेट परत घालायचे असतील, तर काढतानाच इनलेट-एक्झॉस्टच्या खुणा करून ज्याचा त्याच कॅमवर बसवावा.

एमरी पेपरवर हाताने घासून तळ सपाट करण्याचा मार्ग टाळावा. तळाचा टणक थर मर्यादित जाडीचा असतो. तो संपला की खालचे मऊ लोखंड भराभर झिजते. शिवाय हाताने घासलेला तळ टॅपेटच्या अक्षाशी काटकोनात राहत नाही. किरकोळ ओरखडे असल्यास ग्राइंडिंगच्या कारखान्यात अगदी पातळ थर काढून घेतात. कमी झालेली लांबी ॲडजस्टर भरून काढतो. खड्डे खोल असतील, तर टॅपेट बदलावा. झिजलेल्या तळावर स्टेलाइटसारख्या कठीण मिश्रधातूचा थर चढवून तो पुन्हा घासण्याची पद्धतही आहे, पण ते काम घरचे नव्हे.

बसवताना तळाला व कॅमला मॉलिब्डेनम डायसल्फाइड या वंगणाची पेस्ट लावतात. नव्या जोडीवर एंजिन पहिल्यांदा सुरू झाले की ते मंद आयडलवर सोडत नाहीत, कारण कमी फेऱ्यांत कॅमच्या टोकावर दाब जास्त आणि तेल कमी असते. तेलातील जस्त-फॉस्फरसयुक्त घटक सपाट तळाच्या टॅपेटला विशेष उपयोगी पडतो.

हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) टॅपेट हार्ले-डेव्हिडसनने १९४८ च्या पॅनहेड एंजिनात आणला. बुलेटच्या २०२३ पूर्वीच्या युनिट-कन्स्ट्रक्शन (एंजिन व गिअरबॉक्स एकाच आवरणात असलेल्या) एंजिनातही तशाच प्रकारचा टॅपेट होता. त्यात फट तेलाच्या दाबाने भरते, त्यामुळे वरील सेटिंग तेथे लागू नाही. घरी तो उघडून धुता येतो, मात्र प्लंजर (आत सरकणारा दट्ट्या) व नळकांडे एकमेकांना जुळवून बनवलेले असल्याने एकाचा प्लंजर दुसऱ्यात घालू नये.