प्रोबचा वेळ आणि अपॉइंटमेंटचा वेळ

रक्तवाहिन्यांच्या डॉपलर तपासण्यांचे, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहणाऱ्या सोनोग्राफीचे, वेळापत्रक आखताना दोन वेगळ्या वेळांची गल्लत इतक्या नियमाने होते की, आता तिचा वैताग येतो. पहिला वेळ सर्वांच्या परिचयाचा आहे: प्रोब, म्हणजे ध्वनिलहरी सोडणारे हातातले उपकरण, त्वचेवर टेकल्यापासून तो उचलेपर्यंतचा. पहिल्या आणि शेवटच्या प्रतिमेवरची नोंद पाहिली की तो कळतो, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही. दुसरा वेळ रुग्ण खोलीत आल्यापासून पुढच्या रुग्णासाठी खोली तयार होईपर्यंतचा. अपॉइंटमेंट या दुसऱ्या वेळेइतकी हवी. दिली जाते मात्र पहिल्याइतकी.

या दोहोंमधली तफावत कागदावर 'रिकामा वेळ' म्हणून दाखवली जाते, आणि खरा घोटाळा तिथेच होतो. चिठ्ठीवर नुसते 'पाय दुखतो' एवढेच लिहिलेले असेल, तर धमनी पाहायची की शीर, हे त्या वेळात ठरते. जुना रिपोर्ट शोधला जातो आणि सुजलेल्या पायावरचे बँडेज सोडले जाते. नंतर प्रोब जंतुनाशकाने पुसून ठरलेली मिनिटे ओला ठेवावा लागतो, मोजमापे पडताळून प्राथमिक रिपोर्ट लिहावा लागतो. घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबांचे गुणोत्तर काढायचे असेल, तर रुग्णाला आधी सुमारे 10 मिनिटे शांत झोपवून ठेवतात. प्रोब अजून हातातही नसतो, पण तपासणी सुरू झालेली असते. ही तंत्रज्ञांची सबब नव्हे: सोसायटी फॉर व्हॅस्क्युलर अल्ट्रासाउंड या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी करणाऱ्यांच्या अमेरिकन संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांतही तपासणीच्या वेळेचे प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष असे दोन भाग धरलेले आहेत.

पायातल्या गुठळीची शंका असली की जांघेपासून खाली दर दोनेक सेंटिमीटरवर शीर प्रोबने दाबून पाहतात. ती चपटी झाली नाही, तर गुठळीचे निदान काही मिनिटांतच होते. मात्र नंतर डॉक्टरांना फोन लावायचा, ते भेटेपर्यंत रुग्णाला बसवून ठेवायचे आणि पुढे कुठे पाठवायचे ते ठरवायचे असते. प्रोब सर्वांत कमी वेळ टेकलेली तपासणी अशा वेळी दिवसातली सर्वांत लांब अपॉइंटमेंट ठरते.

एक पाय की दोन, नवा रुग्ण की जुना, हे फरक कुणालाही कळतात. पण गुठळीची तपासणी आणि व्हेरिकोज व्हेन्ससाठी (फुगलेल्या शिरांसाठी) रुग्णाला उभे करून उलटा प्रवाह मोजण्याची तपासणी या दोन्ही 'पायांचा व्हेनस (शिरांचा) डॉपलर' या एकाच नावाखाली एकाच लांबीच्या खान्यात टाकणे मला अजिबात मान्य नाही.

आता कर्मचाऱ्यांच्या उत्पादकतेकडे वळू. समजा, दिवस 480 मिनिटांचा आहे, प्रोबचा वेळ 30 मिनिटे आणि बाकीचे काम 25 मिनिटांचे. एका तंत्रज्ञाचे 8 रुग्ण झाले, म्हणजे 440 मिनिटे काम झाले. केवळ प्रोबचा वेळ मोजणारा मात्र 240 मिनिटेच धरतो, निम्मा दिवस वाया गेला असे म्हणतो आणि 16 रुग्णांची यादी लावून मोकळा होतो.

त्या घाईचा फटका मोजमापाला बसतो. मानेतल्या इंटर्नल कॅरोटिड धमनीत रक्ताचा कमाल वेग सेकंदाला 125 सेंटिमीटरच्या वर गेला की 50 टक्के किंवा अधिक अरुंदपणाची शंका घेतली जाते, आणि डॉपलरचा कोन, म्हणजे ध्वनिलहरी आणि रक्तप्रवाह यांमधला कोन, 60 अंशांच्या आत ठेवायचा असतो; यंत्र वेग काढते तो याच कोनावरून. कोन 60 असताना घाईत यंत्रावर तो 65 लावला गेला, तर तोच प्रवाह सुमारे 18 टक्के वेगवान दिसतो, म्हणजे 110 चे 130 होतात. धमनी निरोगी असली तरी रिपोर्टमध्ये ती अरुंद ठरते, आणि तीच तपासणी पुन्हा करण्यात गेलेली अपॉइंटमेंट उत्पादकतेच्या तक्त्यात आणखी एक रुग्ण म्हणून मिरवते.

म्हणून कामाची मोजणी डोकी मोजून न करता प्रत्येक तपासणीच्या पूर्ण मिनिटांनी करावी, असे माझे ठाम मत आहे. दोन आठवडे प्रत्येक तपासणीसमोर रुग्ण आत आल्याची आणि खोली तयार झाल्याची वेळ लिहून ठेवावी. अपॉइंटमेंटची लांबी ठरवताना मात्र त्या नोंदींची सरासरी घेऊ नये, कारण सरासरीवर आखलेल्या यादीत जवळपास निम्म्या तपासण्या लांबतात आणि दुपारपर्यंत सगळी यादी मागे पडते. दहांपैकी आठ तपासण्या ज्या वेळेत पुऱ्या झाल्या, तो वेळ धरावा.