म्याव कुणासाठी? अबोल मांजरांची पार्श्वभूमी

घरात आणलेलं पिल्लू नीट खातं, खेळतं, अंगाखांद्यावर चढतं. पण महिना उलटला तरी तोंडातून आवाज म्हणून काढत नाही. आधीचं मांजर दिवसभर बडबड करणारं असेल, तर हे पिल्लू मुकं तर नाही ना, अशी शंका घरच्यांना हमखास येते. काळजी वाटणं साहजिक आहे. पण मांजराचा इतिहास पाहिला तर हा प्रश्न उलट बाजूने विचारावासा वाटतो. मोठ्या मांजराने गप्प राहणं ही त्याच्या कुळाची जुनी रीत आहे. माणसाकडे पाहून म्याव करणं ही नंतर जडलेली सवय.

पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकी रानमांजर. २००७ साली कार्लोस ड्रिस्कॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाळीव आणि रानटी मिळून ९७९ मांजरांचे जनुकीय नमुने तपासले, तेव्हा जगभरच्या घरगुती मांजरांचं मूळ पश्चिम आशियातल्या या रानमांजरांमध्ये सापडलं. हा प्राणी एकटा राहतो, एकटा शिकार करतो. दबा धरून बसायचं, उंदराची सळसळ कानांनी टिपायची आणि झडप घालायची, असं त्याचं जगणं. अशा शिकाऱ्याने उगाच आवाज केला तर भक्ष्य निसटतं. शिवाय आकाराने लहान असल्यामुळे मोठ्या जनावरांच्या तोंडी तो स्वतःही जाऊ शकतो, म्हणजे आवाज दोन्हीकडून महागात पडणार. त्यामुळे या प्राण्याने निरोपांचं बरंचसं काम वासावर सोपवलं. झुडपावर मारलेली मूत्राची पिचकारी, दगडावर घासलेला गाल, खोडावर ओढलेली नखं या खुणा मांजर निघून गेल्यावरही आपलं काम करत राहतात. आवाज राखून ठेवला तो भांडणासाठी आणि माजाच्या दिवसांसाठी.

याला एक मोठा अपवाद आहे: पिल्लू आणि आई. पिल्लू जन्मतं तेव्हा डोळे मिटलेले, कान बंद, स्वतःचं अंग गरम ठेवण्याचीही ताकद नाही. भावंडांच्या उबेतून घरंगळून जरा बाजूला गेलं की ते डोकं डोलवत बारीक, चिरका आवाज काढतं. व्यालेली मांजरी तो ऐकून उठते आणि त्याला मानगुटीला धरून जागेवर आणते. तिचं उत्तर वेगळं असतं: तोंड न उघडता घशातून काढलेला छोटासा, थरथरता 'र्र्रु'. पिल्लाची हाक थंडीची, भुकेची, एकटेपणाची असते आणि ती ऐकणारं कुणीतरी आहे, यावरच ती टिकते. पिल्लं अंगावरचं दूध सोडू लागली की आई हळूहळू हाकेला धावून जाणं कमी करते, त्यांना टाळूही लागते. मग हाकही विरत जाते. मोठी मांजरं एकमेकांना म्याव फारशी करतच नाहीत. ती शेपूट ताठ उभी करून जवळ येतात, नाकाला नाक लावतात, अंगाला अंग घासतात.

अठराव्या शतकात नेपल्समध्ये राहणाऱ्या फर्डिनांडो गालियानी या विद्वानाने एका पत्रात याच्याशी मिळतंजुळतं निरीक्षण नोंदवलं आहे. त्याने एक बोका आणि एक भाटी बाहेरच्या मांजरांपासून वेगळी ठेवली होती. माजाच्या काळातही ती दोघं म्यावली नाहीत. त्यावरून म्याव ही प्रेमाची भाषा नसून जवळ नसलेल्याला घातलेली साद आहे, असा निष्कर्ष त्याने काढला. दोन मांजरांवरून नियम ठरत नाही हे खरं, पण या विषयावर त्यानंतर जे काही लिहिलं गेलं त्यात इतकं नेमकं वाक्य मला दुसरं आढळलं नाही.

माणूस या गोष्टीत आला तो धान्यामुळे. शेती सुरू झाली, कणग्या भरल्या, उंदीर आले आणि उंदरांमागून मांजरं. सायप्रस बेटावरच्या शिलुरोकाम्बोस इथल्या उत्खननात सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीची एक कबर सापडली. तिची माहिती २००४ साली प्रसिद्ध झाली. मृत माणसापासून जेमतेम ४० सेंटिमीटरवर सुमारे आठ महिन्यांचं एक मांजर पुरलेलं होतं. त्या बेटावर मूळची मांजरं नव्हती, म्हणजे त्यांना होडीतून आणलं गेलं असणार. जवळीक इतकी जुनी आहे. पण या नव्या सोबत्याची एक मोठी अडचण होती: त्याला गालाचा वास कळत नाही, शेपटीची भाषा समजत नाही आणि बऱ्याचदा त्याचं लक्ष दुसरीकडेच असतं. त्याच्यावर चालणारं एकच साधन मांजराकडे होतं, ते म्हणजे बालपणी आईला घातलेली हाक. आणि माणूस तर जन्मभर खाऊ घालतो. म्हणजे ही आई कधी दूध तोडतच नाही. म्हणून हाक टिकली.

या हाकेचा पहिला बारकाईचा अभ्यास १९४४ साली मिल्ड्रेड मोल्क यांनी प्रसिद्ध केला. त्यांनी मांजराच्या आवाजांचे १६ प्रकार मांडले आणि तोंडाच्या हालचालीवरून त्यांचे तीन गट केले: तोंड बंद ठेवून काढलेले, तोंड उघडून हळूहळू मिटताना काढलेले आणि तोंड ताणून उघडं ठेवत काढलेले. म्याव दुसऱ्या गटातली, घुरघुर पहिल्या आणि फिस्कारणं तिसऱ्या. 'आमचं मांजर आवाजच करत नाही' म्हणणाऱ्यांना मी आधी पहिल्या गटाकडे कान द्यायला सांगेन. खूप अबोल मांजरं घुरघुरतात, दारात स्वागताला तो आईचा 'र्र्रु' काढतात आणि आपण मोजतो फक्त म्याव.

साठ वर्षांनी, २००४ मध्ये, निकोलस निकास्त्रो यांनी घरगुती मांजर आणि आफ्रिकी रानमांजर यांच्या म्यावची तुलना केली. पाळीव मांजराची म्याव आखूड आणि वरच्या पट्टीतली निघाली, आणि ऐकणाऱ्या माणसांना ती अधिक गोड वाटली. त्याआधीच्या वर्षी मायकेल ओरेन यांच्यासोबत केलेल्या प्रयोगात मात्र लोकांना सुट्या म्याव ऐकवल्या, तेव्हा मांजर भुकेलं आहे की दार उघडा म्हणतंय, हे त्यांना बेताचंच ओळखता आलं. हा निष्कर्ष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. म्याव ही सगळ्या मांजरांची सामाईक भाषा दिसत नाही. ती एका मांजराने एका घराशी हळूहळू जुळवलेली खूण आहे. ती जुळायला वेळ लागतो, संधी लागते, आणि काही घरांत तिची गरजच पडत नाही.

गरज का पडत नाही, याची कारणं रोजच्या जगण्यात सापडतात. वेळेवर खाणं मिळतं, मांजर नुसतं ताटलीपाशी जाऊन बसलं तरी कुणीतरी बघतं, तिथे हाक कशाला घालायची? ससेक्स विद्यापीठाच्या कॅरन मॅकोम्ब यांनी २००९ साली दाखवून दिलं की काही मांजरं खाणं मागताना साध्या घुरघुरीतच रडण्यासारखा एक उंच स्वर मिसळतात. एकट्या माणसासोबत राहणाऱ्या मांजरांत ही पद्धत जास्त दिसली. गजबजलेल्या घरात घुरघुर कुणाच्या लक्षात येत नाही, तिथे म्याव बरी पडते. २०२५ मध्ये तुर्कस्तानातून आलेल्या अभ्यासात तर मांजरं घरी परतलेल्या पुरुषांना स्त्रियांपेक्षा जास्त वेळा म्याव करताना दिसली. अभ्यासकांचा अंदाज असा की पुरुष मांजरांशी कमी बोलतात, म्हणून त्यांचं लक्ष वेधायला जास्त हाका लागतात. नमुना ३१ मांजरांचा, म्हणजे लहानच, तरी दिशा तीच.

दुसरं कारण बालपणाचं. आयलीन कार्श यांच्या १९८० च्या दशकातल्या कामातून असं पुढे आलं की पिल्लाची माणसाशी ओळख जमण्याचा नाजूक काळ साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यातला असतो. उघड्यावर, बिचकणाऱ्या आईजवळ हा काळ काढलेल्या पिल्लाला माणूस हा हाक मारण्याजोगा प्राणी वाटतच नाही. त्याच्यासाठी गप्प राहणं म्हणजे जिवंत राहणं. नव्या घरात ते कपाटामागे दडतं, रात्री गुपचूप खातं. त्याला बोलतं करण्यासाठी मागे लागू नये. त्याने आपणहून जवळ यावं इतका अवकाश द्यावा.

वंशाचाही वाटा आहे. १८८० च्या दशकात ब्रिटनमध्ये पोहोचलेली सयामी मांजरं बोलघेवडी म्हणूनच ओळखली गेली, तर पर्शियन मांजरं शांत म्हणून. २०२५ साली क्योतो विद्यापीठाच्या संशोधकांनी २८० मिश्रवंशीय मांजरांचा अभ्यास केला. अँड्रोजन या नर-हार्मोनशी निगडित एका जनुकाचं आखूड रूप असलेल्या बोक्यांना त्यांच्या मालकांनी माणसाशी जास्त आवाज करणारे म्हणून नोंदवलं. एका जनुकावर सगळा स्वभाव ठरत नाही, पण एकाच वितीतलं एक पिल्लू बडबडं आणि दुसरं अबोल का, याचं थोडं उत्तर त्यात आहे.

बहिरेपणामुळे मांजर गप्प राहतं, ही समजूत मात्र सोडून द्यावी. पांढऱ्याशुभ्र, निळ्या डोळ्यांच्या मांजरांत बहिरेपणा बहुतेक वेळा असतो, हे डार्विनने एकोणिसाव्या शतकातच नोंदवलं होतं. अशी मांजरं अनेकदा नेहमीपेक्षा मोठ्याने म्यावतात, कारण स्वतःचा आवाज त्यांना ऐकू येत नाही. उलट काही मांजरं तोंड पूर्ण उघडून म्यावचा आविर्भाव करतात आणि आपल्याला काहीच ऐकू येत नाही. माणसाचा कान २० किलोहर्ट्झपाशी थांबतो, मांजराचा जवळपास ८५ पर्यंत जातो. तेव्हा आपल्याला ऐकू आलं नाही म्हणजे आवाज निघालाच नाही, असं धरून चालता येत नाही.

पहिल्यापासून अबोल असलेल्या, खात्यापित्या, खेळत्या मांजराला उपचार लागत नाहीत. आधी म्यावणाऱ्या मांजराचा आवाज अचानक बसला किंवा घोगरा झाला, तर गोष्ट वेगळी. मांजरांतला नागीण विषाणू आणि कॅलिसी विषाणू यांच्या संसर्गात स्वरयंत्राला सूज येते, सोबत शिंका आणि डोळ्यांतून पाणी दिसतं. घशातली गाठ किंवा क्वचित स्वरयंत्राचा लकवा हीही कारणं असतात. गिळायला त्रास होत असेल किंवा खाणं सुटलं असेल, तर पशुवैद्याकडे नेण्यात दिवस घालवू नयेत. आणि मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल, तर त्याच घटकेला न्यावं.