बाह्यकर्ण पुनर्रचना

कानाचा बाहेरून दिसणारा भाग जन्मतः नसेल, अपुरा असेल किंवा अपघात, भाजणे, कर्करोग अशा कारणांनी गेला असेल तर तो पुन्हा घडवण्याच्या, तसेच शाबूत पण बेढब कान आकारात आणण्याच्या शस्त्रक्रिया. ऐकू येण्याशी त्यांचा थेट संबंध थोडाच असतो. कानाचा मार्गच बंद असेल तर त्याचा विचार वेगळा करावा लागतो.

बाह्यकर्ण म्हणजे घड्या पडलेला कूर्चेचा (हाडापेक्षा मऊ, लवचिक ऊतीचा) एक पातळ पत्रा. त्याच्या पुढच्या बाजूला त्वचा घट्ट चिकटलेली असते, मागच्या बाजूला ती काहीशी सैल असते. खालच्या लोंबत्या पाळीत मात्र कूर्चा नसते, नुसती त्वचा आणि चरबी. या विषयाचा सगळा इतिहास या फरकाभोवती फिरतो. पाळी सांधणे हे मऊ ऊतींचे काम आहे, तर वरचा कान उभारायला आतून सांगाडा लागतो.

प्राचीन वृत्तांत : पाळी सांधण्याचे सर्वांत तपशीलवार प्राचीन वर्णन सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात (कर्णव्यधबंधविधी) सापडते. संहितेच्या काळाबद्दल एकमत नाही. काही अभ्यासक तो इ. स. पू. ६०० च्या सुमारास नेतात, तर काही इसवी सनाच्या पहिल्या शतकांपर्यंत खाली आणतात. ग्रंथावर एकाहून अधिक हात फिरलेले दिसतात, त्यामुळे नेमके साल सांगण्यापेक्षा इसवी सनाच्या आगेमागेची काही शतके धरणे अधिक सुरक्षित. नेपाळमधील एका ताडपत्री हस्तलिखितावर इ. स. ८७८ शी जुळणारी तिथी आहे. आज प्रचलित असलेला छापील पाठ मुख्यतः बाराव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या डल्हणाच्या टीकेबरोबर आलेला आहे, आणि या दोन पाठांत फरक आहेत.

अध्यायाची सुरुवात कान टोचण्याने होते. बालकाचे कान सहाव्या किंवा सातव्या महिन्यात, रक्षण आणि भूषण या दोन्ही हेतूंनी टोचावेत. पाळी उन्हासमोर धरून जिथून प्रकाश पार होतो तिथेच छिद्र पाडावे, असे सांगितले आहे. मग दर तीन दिवसांनी अधिक जाड वात घालून छिद्र वाढवायचे. असा वाढवलेला कान दोषाने किंवा आघाताने दुभंगतो, आणि म्हणून संधानाचा विधी सांगावा लागतो. हा क्रम लक्षात घेतला की प्रकरण कशासाठी लिहिले गेले ते उलगडते.

संधानाच्या पंधरा पद्धती नोंदवल्या आहेत. पाळीचे दोन्ही भाग रुंद, लांब आणि सारखे असतील तर नेमिसंधानक, गोल, लांब आणि सारखे असतील तर उत्पलभेद्यक, आखूड, गोल आणि सारखे असतील तर वल्लूरक, अशी ही वर्गवारी उरलेल्या मांसाच्या आकारावर चालते. पहिल्या दहा साध्य आणि शेवटच्या पाच (संक्षिप्त, हीनकर्ण, वल्लीकर्ण, यष्टिकर्ण, काकौष्ठक) असाध्य मानल्या आहेत. काकौष्ठकात पाळीत मांस नसते आणि रक्तही थोडेच. रक्तपुरवठा नसेल तर जोड टिकत नाही, एवढी जाण या वर्गवारीमागे असावी असे दिसते. पाळीच नसेल तर गालावरून ‘सानुबंध’ आणि ‘जीवंत’ मांस उचलून ती करावी, असेही वचन आहे. सानुबंध म्हणजे मुळाशी जोडलेले. आजच्या भाषेत हा देठ राखलेला त्वचापट्टा, आणि तसा अर्थ लावणे योग्य वाटते. जोड बसल्यावर मध आणि तूप लावून, कापूस किंवा कापड ठेवून, फार घट्टही नाही आणि फार सैलही नाही असा दोरा बांधायचा. क्रियापद बांधण्याचे आहे; त्यावरून टाके घातले जात होते असे खात्रीने म्हणता येत नाही.

याच अध्यायाच्या अखेरीस नाक करण्याचा विधी मोजक्या श्लोकांत येतो. प्रसिद्धी मात्र नाकालाच मिळाली. सुश्रुताने संपूर्ण कान घडवला असे विधान लोकप्रिय लेखनात आढळते. पण ग्रंथातील मजकूर पाळीपुरता आहे आणि कूर्चेच्या सांगाड्याचा विचार त्यात नाही.

युरोपात गास्पारे तालियाकोत्सी यांनी १५९७ च्या ग्रंथात कानामागची त्वचा वापरून केलेली दुरुस्ती वर्णिली. १८४५ मध्ये डीफेनबाख यांनी कानाच्या मधल्या भागासाठी तिथलाच पट्टा वापरला.

सांगाडा : सूक्ष्मकर्णता (मायक्रोशिया), म्हणजे जन्मतः बाह्यकर्ण लहान व अपुरा असणे, हे संपूर्ण पुनर्रचनेचे मुख्य कारण. ती साधारण सहा ते आठ हजार जन्मांमागे एका बालकात दिसते, बहुधा एकाच बाजूला आणि उजवीकडे अधिक. हॅरोल्ड गिलीज यांनी १९२० च्या सुमारास बरगडीची कूर्चा कोरून त्वचेखाली पुरली. पुढे रुग्णांच्या मातांची कूर्चा वापरण्याचा त्यांचा प्रयोग फसला, कारण ती हळूहळू विरघळून गेली. रुग्णाची स्वतःचीच कूर्चा टिकते हे रॅडफर्ड टॅन्झर यांच्या १९५९ च्या कामानंतर पक्के झाले. बर्ट ब्रेंट यांनी ही पद्धत चार टप्प्यांत बांधली, तर सातोरू नागाता यांनी ती दोन टप्प्यांवर आणली. ब्रेंट सहा वर्षांच्या आसपास सुरुवात करत. नागाता दहा वर्षे वय आणि छातीचा घेर ६० सेंमी. होईपर्यंत थांबतात, कारण त्यांच्या सांगाड्याला कूर्चा अधिक लागते.

आधी चांगल्या कानावरून पारदर्शक फिल्मवर नमुना काढून तो उलटवतात. वर त्वचेची जाडी येणार असल्याने सांगाडा काही मिलीमीटर लहानच ठेवतात. सहाव्या व सातव्या बरगडीच्या जुळलेल्या कूर्चेतून तळपट निघतो, आणि आठवीची लांब पट्टी तासून, वाकवून कडेला बसवतात. तो त्वचेच्या कप्प्यात सरकवल्यावर सुरुवातीला नुसता उंचवटा दिसतो. बारीक नळीने आतली हवा व रक्त ओढून घेतले की त्वचा खाचांत बसते आणि कानाच्या घड्या एकेक करून उमटतात. सगळे कौशल्य खाचा खोल कोरण्यात आहे. उथळ खाच पुढे सूज आणि व्रण यांत बुजते.

सिलिकॉनचे सांगाडे १९६० च्या दशकात आले, पण ते उघडे पडण्याचे प्रमाण जास्त होते. सच्छिद्र पॉलिएथिलिनचा सांगाडा कानशिलावरच्या पातळ पटलाने झाकून बसवतात. त्यात बरगडी वाचते आणि लहान वयात शस्त्रक्रिया होते. मात्र पुढे कधी मार बसला तर परकी वस्तू जिवंत ऊतीसारखी भरून येत नाही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या कूर्चेचे प्रयोग चालू आहेत. १९९७ मध्ये पाठीवर मानवी कानाचा आकार असलेल्या उंदराचे छायाचित्र गाजले होते.

बाहेर आलेले कान : यात बहुधा आतल्या वळणाची घडी पडलेली नसते किंवा कानाची वाटी खोल असते. घडी न पडणे हे कारण लकेट यांनी १९१० मध्ये दाखवले. मुस्टार्डे (१९६३) यांच्या पद्धतीत मागून टाके घालून घडी पाडतात. फर्नास (१९६८) यांच्या पद्धतीत वाटी डोक्याच्या हाडाकडे ओढून घेतात. कूर्चा ज्या बाजूने ओरखडावी त्याच्या विरुद्ध बाजूला ती वाकते, हे तत्त्व स्टेनस्ट्रॉम यांनी वापरले. नवजात बालकाची कूर्चा पहिल्या काही आठवड्यांत मऊ असते; त्या काळात साच्याने आकार दिल्यास पुष्कळदा शस्त्रक्रिया टळते.

अंशतः हानी : कडेचा तुकडा गेल्यास उरलेली कड त्वचा व कूर्चेसह सरकवून जोडण्याची पद्धत मुंबईचे नोशीर अंतिया व बुच यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केली. ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. कान किंचित लहान होतो, पण कड अखंड राहते. कुस्तीगिरांच्या कानात आवरणाखाली साचलेले रक्त वेळीच काढून दाब दिला नाही, तर कूर्चा जाड व ओबडधोबड होते. नंतर ती तासून पूर्ववत करणे अवघड जाते. जड डुलांनी फाटलेल्या पाळीत दोन्ही कडांवरची त्वचा खरवडून ताजी केल्याशिवाय त्या जुळत नाहीत. हे काम सोपे, पण गाठाळ व्रण येण्याची सवय असलेल्या रुग्णात ते जपून करावे लागते.